परदेशातल्या मित्रमंडळींसोबत संक्रांत: तारीख ठरवण्यापासून तिळगूळ हातावर ठेवण्यापर्यंत

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला आपला एखादा सण तिथल्या मित्रमैत्रिणींसोबत साजरा करावासा वाटला, तर मनात आधी दिवाळी किंवा गणपती येतो, आणि ते स्वाभाविकच आहे. तरीही पहिल्या प्रयत्नासाठी संक्रांतीइतका सोयीचा सण दुसरा नाही, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. दिवाळीला फराळाचे पाच-सहा पदार्थ हाताशी लागतात, गणपतीला मूर्तीपासून विसर्जनापर्यंत अनेक गोष्टी जुळवून आणाव्या लागतात. संक्रांतीचा गाभा मात्र एका लहानशा कृतीत आहे. समोरच्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवायचा आणि ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणायचे. ही कृती करण्यासाठी मराठी येण्याची, पूजेची माहिती असण्याची किंवा विशिष्ट श्रद्धा असण्याची अट नाही. पाहुणाही ती पहिल्याच संध्याकाळी स्वतः करू शकतो, आणि सण पाहणे व सणात सहभागी होणे यांतला फरक तिथेच पडतो.

हे मी पहिल्या वर्षीच्या चुकीतून शिकले. युरोपातल्या एका थंड शहरात आम्ही नवीन होतो. मी दोन दिवस खपून तिळाच्या वड्या केल्या, त्या काचेच्या सुंदर भांड्यात रचून मेजावर ठेवल्या आणि पाहुण्यांना ‘घ्या’ म्हटले. त्यांनी त्या आवडीने खाल्ल्या, कृती विचारली, मनापासून आभार मानले आणि ते घरी गेले. भांडे रिकामे झाले होते, पण कोणी कोणाला तिळगूळ दिला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरी संक्रांतीला तिळगूळ मेजावर नसतो, डब्यात असतो आणि हातानेच दिला जातो. पुढची सारी तयारी या एका गोष्टीभोवती आखलेली आहे. ती जपली, तर बाकीचे बरेच काही सोयीप्रमाणे बदलता येते.

दिवस कोणता धरावा

आपले बहुतेक सण तिथीवर ठरतात, तर मकरसंक्रांत सूर्याच्या राशिसंक्रमणावर ठरते. म्हणून ती इंग्रजी महिन्यांतून फारशी फिरत नाही; हल्ली १४ जानेवारीला आणि काही वर्षी १५ जानेवारीला येते. २०२४ साली ती १५ तारखेला होती, तर २०२५ आणि २०२६ साली १४ तारखेला. हा दिवस आठवड्याच्या मधोमध आला, तर परदेशात कामाच्या दिवशी संध्याकाळी पंधरा माणसे जमवणे अवघड जाते. आपल्या परंपरेतच याची सोय आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हळदीकुंकू आणि तिळगूळ संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीपर्यंत चालतात. रथसप्तमी २०२४ साली १६ फेब्रुवारीला होती, २०२५ साली ४ फेब्रुवारीला. त्यामुळे संक्रांतीनंतरचा शनिवार किंवा रविवार धरला, तर परंपरेला मुरड घातल्यासारखे होत नाही. संक्रांतीच्या दिवशी घरच्या देवापुढे आणि घरातल्या माणसांना तिळगूळ द्यावा आणि मित्रमंडळींना सवडीच्या दिवशी बोलवावे.

जानेवारीचा मध्य आणखी एका कारणाने सोयीचा आहे. नाताळ आणि नववर्षाची धामधूम संपलेली असते, दिवस लहान आणि अंधारे असतात, आणि लोकांच्या संध्याकाळी बऱ्याचदा मोकळ्या असतात. अशा दिवसांत आलेले निमंत्रण लोक आनंदाने स्वीकारतात.

निमंत्रणात काय लिहावे

निमंत्रण दोन-तीन आठवडे आधी द्यावे आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. पहिली म्हणजे हा कसला सण आहे, हे दोन वाक्यांत सांगावे. दुसरी म्हणजे काळे कपडे घालून यावे. एरवी सणावाराला आपण काळा रंग टाळतो. संक्रांतीला मात्र काळी चंद्रकळा मुद्दाम नेसतात, आणि थंडीत काळा रंग ऊब धरून ठेवतो हे त्यामागचे नेहमी सांगितले जाणारे कारण आहे. थंड देशांत काळा कोट किंवा स्वेटर बहुतेकांच्या कपाटात असतोच, त्यामुळे पाहुण्यांना काहीही विकत न घेता सणाच्या वेषात येता येते. दारात एकामागून एक काळ्या कपड्यांतली माणसे उभी राहिली की घराला खरोखर संक्रांतीची कळा येते. तिसरी गोष्ट म्हणजे भेटवस्तू आणू नये, कारण या सणात देणे यजमानाकडून असते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तीळ आणि शेंगदाणे या दोन्हींची ॲलर्जी असते आणि काहींच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार खाद्यपदार्थांवर ज्या १४ ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख बंधनकारक आहे, त्यांत तीळ आणि शेंगदाणे दोन्ही आहेत. अमेरिकेत २०२१ साली झालेल्या कायद्याने तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जीकारक घटक ठरला आणि १ जानेवारी २०२३ पासून वेष्टणावर त्याचा उल्लेख सक्तीचा झाला. आपल्याकडे संक्रांतीच्या तिळाला कोणी नाही म्हणेल, ही कल्पनाही मनात येत नाही, म्हणून हा प्रश्न विचारायचा राहून जातो. एका वर्षी माझ्या एका मैत्रिणीने तळहात पुढे केला आणि वडी हातावर पडण्याच्या क्षणी विचारले, ‘यात तीळ आहेत का?’ मी हात मागे घेतला, पण तो क्षण अजून आठवतो. आता मी निमंत्रणातच तीळ, शेंगदाणे, सुके खोबरे आणि तूप हे चारही घटक नावानिशी लिहिते आणि कोणाला काही चालत नसेल तर आधी कळवायला सांगते.

कोणी तसे कळवले, तर त्या व्यक्तीसाठी तिला चालणाऱ्या घटकांची गुळाची वडी करावी. ती तीळ घरात उघडण्यापूर्वी, आदल्या दिवशी, स्वच्छ धुतलेल्या भांड्यांत करून झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवावी, आणि देतानाही आधी हात धुऊन तीच वडी पहिल्यांदा द्यावी. ॲलर्जी तीव्र असेल तर त्या व्यक्तीशी मोकळेपणाने बोलून, तीळ असलेल्या घरात येणे तिला सुरक्षित वाटते का, हे विचारावे. नसल्यास त्या वर्षी सर्वांसाठीच बिनतिळाचा गूळ ठेवावा. दुग्धजन्य पदार्थ न खाणाऱ्यांसाठी तुपाऐवजी खोबरेल तेल किंवा वास नसलेले दुसरे खाद्यतेल वापरले तरी वडी चांगली होते.

जिन्नस कुठून आणावेत

तीळ परदेशात सहज मिळतात, आणि ते भारतीय दुकानातच घ्यावेत असे नाही. तुर्की, अरबी आणि चिनी दुकानांत ते मोठ्या पुड्यांत आणि बहुधा ताजे मिळतात. विकत घेतल्यावर चिमूटभर चावून पाहावेत, कारण जुन्या तिळाला खवट चव येते आणि ती गुळातही लपत नाही. गूळ भारतीय दुकानातून आणताना वेष्टणावर ‘चिक्कीचा गूळ’ असे असेल तर उत्तम, कारण तो पाकासाठीच असतो. साध्या गुळाची वडी होते, परंतु काळपट, मऊ गूळ पाकात नीट आळत नाही आणि वडी चिकट राहते. भारतीय दुकान जवळ नसेल, तर लॅटिन अमेरिकन दुकानात ‘पानेला’ नावाने मिळणारी ढेप पाहावी. तीही उसाचा रस आटवूनच केलेली असते. भारतातून जिन्नस आणायचे असतील, तर त्या देशाचे नियम आधी वाचावेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सामानातला प्रत्येक खाद्यपदार्थ उतरल्यावर घोषित करावा लागतो आणि बियांच्या बाबतीत तिथली तपासणी कडक असते.

तिळगूळ करणे

पाहुण्यांमध्ये पहिल्यांदाच तिळगूळ खाणारे असतील, तर कडक लाडवापेक्षा मऊ वडी करावी, असा माझा आग्रह आहे. लाडू खाण्याची सवय नसलेल्याला तो चावावा कसा हेच कळत नाही. पंधरा माणसांसाठी २५० ग्रॅम तीळ, ३०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट, ५० ग्रॅम किसून भाजलेले सुके खोबरे, एक मोठा चमचा तूप, अर्धा चमचा वेलचीपूड आणि किंचित जायफळ एवढे साहित्य पुरते. यात लहान आकाराच्या सत्तर-पंच्याहत्तर वड्या होतात.

तीळ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजावेत. परदेशात बहुधा साल काढलेले पांढरे तीळ मिळतात आणि ते आपल्याकडच्या सालासकट तिळापेक्षा लवकर भाजले जातात, त्यामुळे कढईपासून हलू नये. ते तडतडू लागले, किंचित फुगले आणि बोटांत चुरडल्यावर सहज मोडले की लगेच ताटात काढावेत. गरम कढईत राहिले तर आच बंद करूनही करपतात. गार झाल्यावर निम्मे तीळ मिक्सरमध्ये एक-दोनदा फिरवून भरड करावेत आणि निम्मे अख्खे ठेवावेत.

पाकाला हात घालण्यापूर्वी ताटाला तूप लावून ठेवावे, सपाट बुडाची वाटी तूप लावून हाताशी ठेवावी आणि एका वाटीत गार पाणी घ्यावे, कारण पाक झाल्यावर काहीही शोधायला वेळ मिळत नाही. कढईत तूप घालून त्यात बारीक चिरलेला गूळ मंद आचेवर विरघळू द्यावा. तो फेसाळून वर येऊ लागला की थेंबभर पाक गार पाण्यात टाकून पाहावा. पाण्यात पसरला तर अजून वेळ आहे. बोटांनी गोळा करता आला आणि गोळी दाबल्यावर दबली, तर मऊ वडीचा पाक झाला. गोळी वाटीवर आपटल्यावर टणटण वाजू लागली, तर तो चिक्कीचा पाक झाला आणि मऊ वडीची वेळ निघून गेली. साखरेचा थर्मामीटर असेल तर ११८ ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास आच बंद करावी. विजेच्या शेगडीवर भांडे खाली उतरवणेही आवश्यक आहे, कारण ती शेगडी बंद केल्यावर बराच वेळ तापलेली राहते.

पाकात सारे कोरडे जिन्नस घालून झपाट्याने ढवळावे, ताटात ओतून वाटीच्या बुडाने थापावे आणि कोमट असतानाच सुरीने वड्या पाडाव्यात. मिश्रण कढईतच आवळले, तर कढई पुन्हा मिनिटभर मंद आचेवर धरावी, ते सैल होते. वडी गार झाल्यावरही मऊ, चिकट राहिली, तर सारे पुन्हा कढईत घालून थोडे आटवावे. वड्या सणाच्या दोन-तीन दिवस आधी कराव्यात, म्हणजे पहिला घाणा बिघडला तरी दुसरा करायला सवड राहते.

हलवा घरी करण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नये. तीळ किंवा साबुदाण्याच्या दाण्यावर साखरेचा पाक चमचा-चमचा घालत, कोमट परातीत बोटांनी सतत फिरवत, एकेक पुट सुकवत नेले की त्यावर काटे धरतात. हे काम तासांचे नाही, काही दिवसांचे आहे. भारतातून कोणी येणार असेल तर पावशेर काटेरी हलवा आणि जमल्यास हलव्याच्या दागिन्यांचा लहानसा संच मागवावा. नव्या सुनेला आणि बाळाला पहिल्या संक्रांतीला घालतात त्या साखरेच्या पांढऱ्याशुभ्र बांगड्या आणि हार पाहुण्यांच्या हातात द्यावेत. खडबडीत काटे बोटांना लागले आणि हा दागिना साखरेचा आहे हे कळले, की प्रश्न आपोआप सुरू होतात. कुठलेही माहितीपत्रक ते काम इतक्या चांगले करू शकत नाही.

घराची मांडणी

सुगडांसाठी कुंभाराकडची मडकी मिळाली नाहीत, तर मातीच्या लहान कुंड्या किंवा साध्या वाट्या चालतात. त्यांत गाजराचे तुकडे, मटार किंवा ओला हरभरा, गहू, तीळ आणि मिळाल्यास उसाचे पेर घालावे. सुगडांत या हंगामातले शेतातले धान्य आणि भाज्या असतात, हे सांगितले की पाहुण्यांना त्याचा अर्थ लगेच कळतो, कारण सुगीचे सण जगात सगळीकडे आहेत. सुगडांशेजारी हळदीकुंकवाचा करंडा, अत्तराची कुपी, गुलाबदाणी आणि तिळगुळाचा झाकलेला डबा ठेवावा. एवढे पुरेसे आहे. घर सजवण्यात शक्ती खर्च करण्यापेक्षा पाहुण्यांशी बोलायला ती राखून ठेवावी.

संध्याकाळचा क्रम

सर्व पाहुणे जमेपर्यंत गरम चहा किंवा आल्याचे पेय द्यावे आणि तिळगुळाचा डबा बंदच ठेवावा. सगळे आल्यावर पाच मिनिटांत सणाची ओळख करून द्यावी. सूर्य मकर राशीत प्रवेश करतो, हिवाळ्यात अंगाला ऊब देणारे तीळ आणि गूळ खातात, आणि ते एकमेकांना देऊन वर्षभर गोड बोलण्याचे मागणे मागतात, एवढे सांगणे पुरेसे होते. एखादा जाणकार विचारतोच, की दिवस तर २१-२२ डिसेंबरपासून मोठे होऊ लागतात, मग उत्तरायणाचा सण जानेवारीत कसा? त्याला सरळ उत्तर द्यावे: आपले पंचांग सूर्याचे स्थान ताऱ्यांच्या संदर्भाने मोजते, पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू बदलते, आणि त्यामुळे संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस या वेगाने पुढे सरकत आली आहे.

यानंतर हळदीकुंकू. कपाळाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावे. धर्मामुळे किंवा इतर कारणाने कोणाला ते नको असेल, तर मनगटावर अत्तर लावावे आणि गुलाबपाणी शिंपडावे, त्यात कमीपणा काही नाही. हळदीचा डाग कपड्यावरून सहजी निघत नाही, म्हणून बोटावर अगदी थोडी घ्यावी. हळदीकुंकू केवळ सवाष्णींचे असते हा जुना दंडक मात्र परदेशात सोबत नेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. घटस्फोटित, अविवाहित, पती गमावलेल्या मैत्रिणी आणि पुरुष मित्र यांच्यात भेद करणारे निमंत्रण ‘गोड बोला’ या शब्दांशी जुळत नाही. महाराष्ट्रातही हे बदलत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची दखल राज्यभर घेतली गेली.

कोणासाठी वेगळी वडी केली असेल तर ती आधी द्यावी आणि मग डबा उघडावा. पहिला तिळगूळ यजमानाने द्यावा, जमलेल्यांत जे वयाने सर्वांत मोठे असतील त्यांना, वाकून नमस्कार करून. नंतर सर्वांना वाक्य शिकवावे. मोठ्यांना आणि अनेकांना ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, जवळच्या मित्राला ‘तिळगूळ घे, गोड बोल’; हा फरक सांगितला तर पाहुण्यांना आपल्या भाषेतला आदर आणि जवळीक दोन्ही कळतात. वाक्य त्यांच्या लिपीत लहान कार्डांवर लिहून द्यावे. ‘ळ’ बहुतेकांना अवघड जातो. जिभेचे टोक टाळूकडे वळवून ‘ल’ म्हणायला सांगितले तर बराच जवळ येतो. तो नीट आला नाही तरी थांबवून दुरुस्त करत बसू नये. मुले असतील, तर त्यांना ‘आमचा तिळगूळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका’ ही जोडओळ शिकवावी, ती त्यांना लगेच पाठ होते.

यानंतरची पायरी मी कधीही वगळत नाही. प्रत्येक पाहुण्याच्या हातात चार वड्या द्याव्यात आणि त्या चार जणांना वाटायला सांगावे, शक्यतो ज्यांची ओळख नाही त्यांना. पहिली दोन मिनिटे संकोचाची जातात. मग खोलीत एकाच वेळी दहा-बारा ठिकाणी तेच वाक्य वेगवेगळ्या उच्चारांत ऐकू येऊ लागते. माझ्या शेजारी राहणारे दोघे जण पार्किंगच्या जागेवरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. एका संक्रांतीला त्यांच्यापैकी एकाने दुसऱ्याच्या हातावर वडी ठेवली, वाक्य अर्धेच म्हटले आणि दोघे खिडकीशी जाऊन बराच वेळ बोलत उभे राहिले.

वाटून झाल्यावर पाहुण्यांना विचारावे, की त्यांच्या घरी तिळाचे काय करतात. नेपाळी मित्र माघे संक्रांतीच्या तिळाच्या लाडवांची आठवण काढतात, ग्रीक मित्र मध आणि तिळाच्या ‘पस्तेली’ची, तुर्की आणि अरब मित्र तिळाच्या हलव्याची. आपल्याच तमिळ, पंजाबी, गुजराती किंवा आसामी मित्रांना पोंगल, लोहडी, उत्तरायण किंवा बिहूविषयी बोलू द्यावे. बोलण्याची सूत्रे इथे यजमानाने सोडून द्यावीत.

जेवण आणि वाण

जेवण दोन-तीन पदार्थांचे ठेवावे. भोगीची मिश्र भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मुगाच्या डाळीची खिचडी एवढे भरपूर होते. भोगीच्या भाजीत तिथल्या बाजारात मिळणारी गाजरे, वांगी, मटार, घेवडा सारे चालते. बाजरीचे पीठ जुने झाले की कडू लागते, आणि परदेशातल्या दुकानांत ते महिनोन्‌महिने पडलेले असू शकते, म्हणून पाकिटावरची तारीख पाहून घ्यावे. गुळाची पोळी करायचीच असेल तर आदल्या दिवशी करावी, ती शिळीच अधिक खुसखुशीत लागते. तीळ न चालणाऱ्या पाहुण्यासाठी भाकरी आणि भाजी दोन्ही बिनतिळाची, आणि वेगळ्या चमच्याने वाढावी.

वाण निरोप घेताना द्यावे. ते लहान आणि वापरात येणारे असावे: आपल्या हाताने केलेल्या गोडा मसाल्याची बरणी, तुळशीच्या बियांची पुडी, कापडी पिशवी. महाग वस्तू दिली तर परतफेडीचे ओझे येते, आणि प्लास्टिकची शोभेची वस्तू आठवडाभरात अडगळीत जाते. मसाला दिल्यास त्यावर घटकांची यादी चिकटवावी, कारण गोड्या मसाल्यातही तीळ असतात.

उरलेल्या वड्या हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकतात. दुसऱ्या दिवसापासून डबा घराच्या दाराजवळ ठेवावा आणि जो येईल त्याच्या हातावर वडी ठेवावी: जिन्यात भेटणारे शेजारी, टपाल घेऊन येणारा माणूस, ज्यांना त्या संध्याकाळी येता आले नाही ते सहकारी. त्यांनाही आधी घटक सांगावेत आणि मग वाक्य म्हणावे. रथसप्तमीपर्यंत हा डबा उघडा राहू शकतो.